शिजर झालेली बाळंतीण

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. ह्या धड्यात आम्ही एका निराळ्या बाळंतपणाची माहिती देणार आहोत. ह्या बाळंतपणात पोटाला छेद देऊन मूल बाहेर काढतात. डॉक्टर त्याला सिझेरियन म्हणतात. आपल्या नातेपुत्याकडच्या बायका त्याला शिजर म्हणतात. आम्हीही इथे शिजरच म्हणू.

हा धडा फक्त बायकांचा नाही. तो नवऱ्याने वाचावा, सासऱ्याने वाचावा. सासूबाईंना वाचता येत नसेल तर त्यांना वाचून दाखवावा. कारण शिजर डॉक्टर करतात, पण त्यानंतरचे सहा आठवडे घरच्या माणसांच्या हातात असतात.

शिजर का करतात?

पुष्कळ बायका आपसूक मोकळ्या होतात. तेच चांगले. पण कधी कधी वाट अडते. मूल पोटात आडवे असते. कधी वार खाली सरकून पिशवीचे तोंड बंद करते. कधी मुलाच्या आधी नाळ बाहेर येते. कधी आईचा रक्तदाब वाढतो आणि तिला झटके येतात. कधी कळा देऊन देऊन बाई थकते, पण मूल पुढे सरकत नाही. मुलाच्या काळजाचे ठोके मंद होऊ लागतात. अशा वेळी थांबणे म्हणजे आई किंवा मूल गमावणे. तेव्हा शिजर करतात.

पूर्वी अशा बाईचे काय होई? सुईण हात टेकी, आणि घरची माणसे देवाला हात जोडून बसत. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण ऐकले असेल. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्या आई झाल्या. त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. बाईला बाईचे औषधपाणी मिळाले पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली. त्या सातासमुद्रापलीकडे अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयही बाळंतपण हाच होता.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. गरज नसता शिजर करू नये. 2019 ते 2021 ह्या काळात सरकारने देशभर घरोघरी पाहणी केली. देशात दर 100 बाळंतपणांत सुमारे 21 शिजरची निघाली. आपल्या महाराष्ट्रात सुमारे 25 निघाली. देशातल्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 100 ला 14 होते, तर खाजगी दवाखान्यांत 47 होते. एवढा फरक का, हा प्रश्न कोणालाही पडेल. म्हणून डॉक्टर शिजर सांगतील तेव्हा भांडू नका, पण विचारा. "डॉक्टर, कारण काय? थोडे थांबले तर चालेल का?" एवढे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र "आत्ताच करायला हवे" असे ते म्हणाले, तर गावाकडे फोन लावून पाच जणांचा सल्ला घेत बसू नका. तिथे घटकाघटकेची किंमत असते.

टाक्याने आया वाचल्या

पोट फाडून मूल काढण्याची रीत जगात फार जुनी आहे. पण पूर्वी त्यात आई बहुधा दगावत असे. पोट शिवत, पण आतली गर्भपिशवी तशीच सोडत. तिच्यातून रक्त वाही, ती पिकत असे. 1882 साली जर्मनीतल्या माक्स झेंगर नावाच्या डॉक्टरने गर्भपिशवीलाही नीट टाके घालण्याची रीत सांगितली. पुढे भुलीचे औषध सुधारले, हात आणि हत्यारे निर्जंतुक होऊ लागली, रक्त देता येऊ लागले, पेनिसिलीनसारखी औषधे निघाली. आज शिजर झालेली आई बहुधा आपल्या पायांनी घरी येते.

म्हणजे आईला वाचवले ते आतल्या टाक्याने. पण आतला टाका डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरची माणसे तो विसरतात. ह्या धड्याचे सारे सार ह्यात आहे.

पोटात नेमके काय करतात?

कमरेत सुई देऊन कमरेखालचे अंग बधिर करतात. बाई जागी असते. तिला ओढल्यासारखे वाटते, पण दुखत नाही. लघवीसाठी नळी घालतात. मग ओटीपोटावर आडवा छेद देतात. कातडी, चरबी, स्नायूंवरचे जाड आवरण, आतला पडदा आणि शेवटी गर्भपिशवी, असे एकेक थर उघडावे लागतात. मूल सहसा पहिल्या पाचदहा मिनिटांतच बाहेर येते. त्याच वाटेने वार काढतात. मग आतून बाहेर एकेक थर शिवत येतात. ह्या शिवण्यालाच जास्त वेळ लागतो. सारे मिळून पाऊण तास ते तास जातो.

कमरेतल्या सुईने जन्मभर कंबर दुखते, असा समज आहे. तो बरोबर नाही. सुईची जागा चारदोन दिवस ठणकते. पुढची कंबरदुखी बहुतेक वेळा अशक्तपणाने, वाकून बसण्याने आणि लवकर ओझी उचलण्याने येते.

पहिले दोन दिवस

भूल उतरली की जखम दुखते. दुखणे सोसण्यात काही मोठेपणा नाही. नर्सबाईंना सांगावे. त्या देतील त्या गोळीने दुधाला अपाय होत नाही. दुखणे कमी झाले तरच बाई नीट बसेल आणि बाळाला पाजील.

साधारण दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढतात आणि बाईला उठवून चालवतात. हे पाहून नातेवाईक रागावतात. "काल पोट फाडले आणि आज चालवता?" असे म्हणतात. पण चालवतात ते तिच्या भल्यासाठी. पडून राहिले तर पायांत रक्ताची गुठळी होते. ती छातीत गेली तर जिवावर बेतते. म्हणून हळूहळू चालावे. उठताना आधी कुशीवर वळावे, हाताचा रेटा देऊन बसावे, मग उभे राहावे. खोकला किंवा शिंक आली तर उशी जखमेवर धरावी.

चीक टाकू नका

गाय व्याली की आपण वासराला आधी चीक पाजतो. चीक मिळाला नाही तर वासरू धरत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मग आपल्याच बाळाच्या वाट्याचा चीक पिळून का टाकायचा? आईचे पहिले घट्ट पिवळसर दूध हाच बाळाचा चीक. त्यात रोगाशी झुंजण्याची ताकद असते.

शिजर झाले तरी बाळाला पहिल्या तासातच छातीशी धरता येते. नर्सबाईंची मदत घ्यावी. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक बाळाला पुरतो. त्याचे पोटच तेवढे असते. "दूधच नाही" म्हणून कोणी वरचे दूध, मध, गुळाचे पाणी किंवा घुटी देऊ नये. शिजर झालेल्या आईला भरपूर दूध यायला कधी तीनचार दिवस लागतात. बाळ जितके ओढील तितके दूध येईल.

बाळाला पोटावर घेतले तर जखम दुखते. म्हणून कुशीवर निजून पाजावे. किंवा बसून, गाठोडे काखेत धरतो तसे बाळाला काखेत धरावे. त्याचे पाय आईच्या पाठीकडे आणि तोंड छातीशी येते. जखमेवर भार पडत नाही.

बाळाला ऊबदार गुंडाळावे. पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नये. ती कोरडी ठेवली की आपसूक गळते. डोळ्यांत काजळ घालू नये. दवाखाना सोडण्यापूर्वी बाळाला बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस मिळाली का, ते विचारावे.

वरून वाळले, आत ओले

आमच्या साक्षरता वर्गाला येणाऱ्या एका सासूबाईंनी आम्हाला भर वर्गात विचारले, "मास्तर, आमी सकाळी खुरपाय जायचो अन् दुपारी बाळंत व्हायचो. हिला तर कळाबी आल्या न्हाईत. टाकं काढलं, जखम वाळली. आता पंधरा दिस झालं. हंडा उचलाय काय होतंय?"

आम्ही म्हणालो, "आजीबाई, तुम्ही घराची भिंत लिंपता ना?"

"लिंपते की."

"लिंपलेली भिंत वरून किती दिवसांत वाळते?"

"ऊन असंल तर दोन दिसांत."

"आणि आतून?"

"आत वल ऱ्हाती. लई दिस ऱ्हाती."

"मग वरून वाळली म्हणून त्या ओल्या भिंतीवर कोणी तुळई ठेवतो का?"

आजीबाई जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी हंडा ही तुळई म्हना की." सारा वर्ग हसला. पण मुद्दा साऱ्यांना पटला.

वाचकहो, कातडीचा टाका आठवड्याभरात धरतो. आतले थर जुळायला सहा आठवडे तरी लागतात. तेवढ्या दिवसांत बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचे नाही. पाण्याची घागर नाही, दळणाचा डबा नाही, वैरणीची पेंढी नाही, उसाची मोळी तर नाहीच. थोरले मूल असेल तर त्यालाही कडेवर घ्यायचे नाही. आईने बसावे आणि त्याला जवळ घ्यावे.

आमच्या भागात ऊस फार. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांत बाईचा हात थांबला की रोज बुडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आतला टाका सुटला, जखम पिकली, तर सहा आठवड्यांऐवजी सहा महिने अंथरूण धरावे लागते. रोज तर बुडतोच, वर दवाखान्याचा खर्च बसतो. हिशेब करून पाहा.

आणि "हिला कळा कुठे आल्या?" असे कधीही बोलू नका. जिने पोट चिरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मूल छातीशी धरले, तिला फुकटचे आईपण मिळाले, असे कोण म्हणेल? पुष्कळ बायकांना तर आधी बारा बारा तास कळा येतात आणि मग शिजर होते. त्यांनी दोन्ही सोसलेले असते. असा शब्द टाक्यापेक्षा खोल जातो.

शेक, पाणी आणि जेवण

जुन्या चालीरीतींत चांगलेही पुष्कळ आहे. सव्वा महिना विश्रांती ही आपली जुनी रीत. ती डॉक्टरांच्या सहा आठवड्यांशी जवळजवळ जुळते. ती पाळा. माहेरी नेणे, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, हेही चालू द्या. पण काही रीती सोडल्या पाहिजेत.

बाळंतिणीचे पाणी तोडू नये. दूध पाण्यातूनच बनते. डॉक्टरांनी प्यायला परवानगी दिली की तहान लागेल तेवढे पाणी द्यावे. नुसत्या भातावरही ठेवू नये. भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध, शेंगदाणे, अंडे, चालत असेल ते द्यावे. रक्तवाढीच्या गोळ्या बंद करू नयेत. बद्धकोष्ठ झाले तर कुंथताना जखमेवर ताण येतो. म्हणून पालेभाजी आणि पाणी पोटात गेलेच पाहिजे.

बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवू नये. धुराने आणि कोळशाच्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघेही गुदमरतात. शिवाय टाक्याभोवतालची कातडी पुष्कळ महिने बधिर असते. शेक जास्त झाला तरी बाईला कळत नाही आणि ती भाजते. जखमेला हळद किंवा तेल लावू नये. ती स्वच्छ आणि कोरडी ठेवावी. पोट आवळून बांधू नये.

ह्या खुणा दिसल्या तर दवाखाना गाठा

आईच्या खुणा अशा : ताप येणे. जखम लाल होणे, तिच्यातून पू येणे किंवा ती उसवणे. तासाभरात कापड भिजेल इतके रक्त जाणे. अंगावरून दुर्गंधी स्राव जाणे. एकाच पायाची पोटरी सुजणे आणि दुखणे. दम लागणे. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे. लघवीला जळजळ होणे.

बाळाच्या खुणा अशा : दूध न ओढणे. श्वास भराभर चालणे. अंग थंडगार किंवा तापलेले असणे. तळहात आणि तळपाय पिवळे दिसणे. नाळेतून पू येणे. झटके येणे.

आणखी एक खूण डोळ्यांना दिसत नाही. बाई सारखी रडते, तिला बाळ नकोसे वाटते, झोप लागत नाही. दोनचार दिवस असे झाले तर ते पुष्कळ जणींना होते. पण दोन आठवडे झाले तरी मन उठत नसेल, तर ते दुखणे आहे. ती बाहेरची बाधा नाही आणि नाटकही नाही. त्यालाही औषध आहे. आणि जीव द्यावासा वाटतो किंवा बाळाला काही करावेसे वाटते असे ती बोलली, तर दोन आठवडे थांबू नये. तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आशाताई बाळाला बघायला घरी येतात. बाळ 42 दिवसांचे होईपर्यंत त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. त्यांना दारातून परत पाठवू नका.

पैशाची गोष्ट

1 जून 2011 पासून केंद्र सरकारची जननी शिशु सुरक्षा योजना चालू आहे. ह्या योजनेत सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते. शिजरही फुकट होते. औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, हे सारे फुकट. शिजर झालेल्या बाईला सात दिवसांपर्यंत जेवणही मिळते. घरून दवाखान्यात नेणे, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवणे आणि परत घरी सोडणे, ह्या गाड्याही फुकट. त्यासाठी 102 हा क्रमांक आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर 108 फिरवावा.

शिजर प्रत्येक सरकारी दवाखान्यात होतेच असे नाही. त्यासाठी भूल देणारे डॉक्टर लागतात, रक्ताची सोय लागते. म्हणून आठवा महिना लागला की आशाताईंना विचारून ठेवावे : वेळ आली तर न्यायचे कुठे? अकलूजला की पंढरपूरला की थेट सोलापूरला? आणखी एक गोष्ट आपल्या गावापुरती. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते. त्या दिवसांत रस्ता माणसांनी फुलून जातो आणि गाडी अडकते. ज्या घरात त्याच सुमारास बाळंतपण असेल, त्यांनी बाईला आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवावे.

कागद जपा आणि वाचा

शस्त्रक्रियेपूर्वी संमतीचा कागद समोर येतो. आता आपल्याला अक्षर आले आहे. न वाचता अंगठा उठवू नका. कागद इंग्रजीत असेल तर तो मराठीत समजावून सांगायला सांगा. आणि शुद्धीवर असेल तर बाईनेच सही करावी. पोट तिचे आहे.

घरी सोडताना दवाखाना एक कार्ड देतो. ते लग्नपत्रिकेसारखे जपून ठेवा. त्यावर चार गोष्टी लिहिल्या आहेत का, ते पाहा : शिजरची तारीख, शिजरचे कारण, बाईचा रक्तगट आणि गर्भपिशवीवरचा छेद आडवा की उभा. वरचा छेद आपल्याला दिसतो, आतला दिसत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टर आधी हेच विचारतील.

पुढच्या खेपेला का? कारण शिवलेल्या जागी पिशवी थोडी कमजोर असते. पुढच्या बाळंतपणात ती उसवण्याचा धोका असतो. म्हणून दुसरे मूल पोटात राहण्याआधी दोन वर्षे तरी जाऊ द्यावीत. त्यासाठी तांबी, गोळ्या, निरोध अशी साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. नवऱ्याने ही जबाबदारी बायकोवर ढकलू नये. "एकदा शिजर म्हणजे कायमचे शिजर" असेही नाही. काही बायका पुढच्या वेळी आपसूक मोकळ्या होतात. पण ते बाळंतपण शिजरची सोय असलेल्या दवाखान्यातच झाले पाहिजे. घरी करू नये. तो जिवाशी खेळ होईल.

वाचकहो, घरात बाळ आले की सारे बाळाला बघायला येतात. पाचवी होते, बारसे होते, पेढे वाटतात. अशा वेळी पलीकडे कुशीवर निजलेल्या त्या बाईकडेही कोणीतरी पाहावे. तिला विचारावे, "पाणी हवे का? टाके दुखतात का? बाळाला जरा मी घेऊ का?" आणि विचारणारा तिचा नवरा असेल, तर फारच उत्तम.

लक्षात ठेवा

1. वरचा टाका आठवड्यात धरतो. आतला सहा आठवडे जपावा लागतो.
2. चीक बाळाचा आहे. तो टाकू नये.
3. बाळंतिणीचे पाणी तोडू नये.
4. दवाखान्याचे कार्ड जपून ठेवावे.
5. पुढचे बाळंतपण दवाखान्यातच करावे.

प्रश्न

1. शिजर करण्याची तीन कारणे सांगा.
2. सासूबाईंना भिंतीचे उदाहरण का दिले?
3. बाळाला काखेत धरून का पाजावे?
4. आईच्या धोक्याच्या चार खुणा पाटीवर लिहा.
5. तुमच्या घरी कोणा बाईचे शिजर झाले असेल तर तिचे कार्ड काढून वाचा. त्यावरची तारीख आणि रक्तगट वहीत लिहून ठेवा.